आमच्या नावानं

फॅमिलीला बघता येईल असा तमाशा ठरवायचा, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते माझ्या धाकट्या दिरांच्या तोंडून. साल २०१२. भाऊजी जत्रा कमिटीवर होते आणि मी गावच्या अंगणवाडीत सेविका. अक्षर बरं, म्हणून कमिटीचे अर्ज, वर्गणीच्या पावत्या, हिशेबाच्या वह्या माझ्याच पुढ्यात यायच्या. त्या दिवशी भाऊजी कोरा कागद घेऊन सोप्यात बसले आणि म्हणाले, "वैनी, फडमालकाला द्यायच्या अटी लिवा. औंदा समद्या बायाबापड्यास्नी पुढं बसवायचं हाय. तवा जरा सभ्य पायजे."

मला आनंद झाला, हे आधी कबूल करते. पंचावन्न वर्षांची झाले होते आणि तमाशा समोर बसून एकदाही बघितला नव्हता. ऐकला मात्र जन्मभर होता. मी मुकाट्यानं लिहायला घेतलं. अट पहिली : अश्लील संवाद व द्व्यर्थी विनोद करू नयेत. दुसरी : बतावणी करू नये. तिसरी : वग अर्ध्या तासात आटोपावा. चौथी : गावातील वा तालुक्यातील कोणत्याही व्यक्तीवर अगर पदावर टीका करू नये. पाचवी : लावण्या व सिनेमाची गाणी मिळून किमान १५ व्हावीत. आणि सगळ्यांच्या वर, भाऊजींनी सांगितलं म्हणून, लिहिलं : 'महिला वर्गाच्या मागणीवरून'.

मागणी कुणी केली होती, हे मी विचारलं नाही. आज एवढं लिहायला बसले आहे ती त्या न विचारलेल्या प्रश्नापायी.

माझं माहेर माणदेशातलं. धाब्याची घरं, उन्हाळ्यात रात्री माळवदावर निजायचं. चैत्रात जत्रा भरायची. देवळापुढच्या पटांगणात दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या की झालं स्टेज. गॅसबत्त्या लागायच्या. पुरुष पोती अंथरून बसायचे. बाईमाणसानं तिकडं फिरकायचं नाही. पण आवाजाला कोण अडवणार? आमचं माळवद देवळाच्या पाठीमागं. जेवणं उरकली की आई घोंगडं घेऊन वर चढायची. शेजारच्या दोन-तीन काकी, एक म्हातारी आत्या, आम्ही पोरं. दिवा लावायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही.

आधी ढोलकी आणि हलगी यांची झुंज लागायची. मग गण, मग गौळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारा कृष्ण, बोबडा पेंद्या आणि मावशी. मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या, हे मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. मावशीनं कृष्णाला झाडायला सुरुवात केली की आमच्या माळवदावर पदर तोंडात जायचे. आई हसायची ती आवाज न करता, नुसती गदगदा हलायची. घरात कधी तिला तसं हसताना मी बघितलं नाही.

आणि मग बतावणी आणि वग. एका वगातलं अजून ध्यानात आहे. राजा शिपायाला विचारतो, "आमच्या राज्यात सुखी कोण?" शिपाई म्हणतो, "म्हाराज, तलाठी." "का रं?" "त्येला शेत न्हाई, बैल न्हाई, पर सुगीला रास पडती!" पटांगणात जो हशा उसळला तो आधी मला कळला नाही. आईनं कानात सांगितलं, "तलाठी म्होरंच खुर्चीवर बसलाय." गावात ज्याच्यापुढं माझा बाप टोपी काढून उभा राहायचा, त्याला एक फाटका सोंगाड्या भर चौकात नागवा करत होता आणि तलाठ्याला हसावं लागत होतं. जत्रेच्या रात्री ते चालायचं. त्या एका रात्रीवर गाव वर्षभर तग धरायचं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. सगळं गाव खडी फोडायला. आई, मी, काकी, सगळ्या एका रांगेत. दुपारी भाकरी खाल्ल्यावर आई वग सांगायची. राजा तीच, प्रधान तीच, राणी तीच, सोंगाड्याही तीच. डोळ्यांनी एकदाही न बघितलेला तमाशा तिला आख्खा पाठ होता. एकदा तिनं राजाच्या जागी मुकादम घातला आणि शिपायाला विचारायला लावलं, "म्हाराज, खडीची पाटी मोजताना तुमचा हात दर बारीला का वो सुजतो?" मुकादम पाठीमागंच उभा होता. बाया हसून लोळल्या. त्या दिवशी संध्याकाळी पाट्या सरळ मोजल्या गेल्या. एक दिवसच, पण मोजल्या गेल्या.

आता सांगा, त्या रांगेत बसलेल्या बायका म्हणजे फॅमिली नव्हत्या काय? त्यांना काय झेपतं आणि काय झेपत नाही, हे कमिटीला कोणी सांगितलं?

आमच्या कानांची फार काळजी वाहणाऱ्यांनी एकदा हळदीच्या रात्री स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहावं. विहिणी-विहिणींची गाणी ऐकावीत. व्याह्याच्या उघड्या पडलेल्या धोतरापासून विहिणीच्या पूर्वीच्या भानगडींपर्यंत काय काय येतं त्यात! जाणत्या म्हाताऱ्या पुढं होऊन म्हणतात, सासुरवाशिणी पाठ धरतात, मांडीवर पोरं निजलेली असतात. पंचमीच्या फेरात नवऱ्याची, सासूची, नणंदेची जी उडवतात ती कुठल्या सोंगाड्याच्या बापाला जमणार नाही. ही आमची परंपरा, घरच्या घरात चालणारी. तिला कुणी अश्लील म्हणत नाही, कारण ती पुरुषांच्या कानावर पडत नाही. म्हणजे अडचण शब्दाची नाही. बाई आणि बाप्या एकाच शब्दाला एकाच वेळी हसले, तर काय होईल याची ती धास्ती आहे.

शहरातल्या वाचकांनीही मनाशी जरा आठवून बघावं. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला, तो पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. १९६५ मध्ये वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आलं आणि दादा कोंडक्यांच्या तोंडचे दुहेरी अर्थाचे शब्द ऐकायला चांगली शिकली-सवरलेली कुटुंबं तिकीट काढून आली. १९७२ साली 'पिंजरा' सगळ्यांनी बघितला. थेटरात खुर्चीवर बसून हसलं तर ती रसिकता, आणि आमच्या पटांगणात पोत्यावर बसून हसलं तर असभ्यपणा. हा न्याय मला कधी समजला नाही.

तमाशाला सोवळं नेसवायचा उद्योगही नवा नाही. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास मुंबई सरकारनं तमाशावर बंदीच घातली होती. कलावंतांची चूल विझायची वेळ आली तेव्हा अटी घालून ती उठवली आणि संहिता तपासायची पद्धत आली. अटींचे कागद लिहिणाऱ्यांत मी काही पहिली नाही.

पण म्हणून तमाशा बदलूच नये, असं मी म्हणते असं कुणी समजू नये. तमाशा बदलला, आणि फार चांगला बदलला, तो आतल्या माणसांनी. सत्यशोधकांनी त्याचा जलसा केला. आंबेडकरी जलशांनी गौळण बाजूला सारून माणुसकीचा हक्क मांडला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं आणि वगात सावकार, गिरणीमालक उभे केले. ही मंडळी ज्या वस्त्यांत गेली तिथं बायका पोरांना घेऊन पुढं बसल्या. त्यांनीही जुनं पुष्कळ काढून टाकलं. पण जीभ काढली नाही. उलट तिला धार लावली. आमच्या कमिटीनं नेमकं उलटं केलं. जीभ कापली आणि कंबर ठेवली.

त्या २०१२ च्या रात्रीचं सांगते.

लोखंडी खांबांचं उंच स्टेज, रंगीत दिवे. आम्हा बायकांना पुढं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत, मांडीवर आठ वर्षांची नात. आधी सत्कार सुरू झाले. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, देणगीदार, देणगीदारांचे जावई. फेटा, नारळ, फोटो. सव्वा तास गेला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा २००० सालापासूनचा कायदा सगळ्यांना ठाऊक होता. तरी वेळ कापला गेला तो सत्काराचा नाही, वगाचा.

मग गाणी. ढोलकीवाला म्हातारा कोपऱ्यात ढोलकी मांडीवर घेऊन बसलेला, हात गप्प. गाणं मशीनवर वाजत होतं. पोरी येत होत्या, नाचून जात होत्या. पाठीमागून शिट्ट्या, आरोळ्या, नोटा. एक गाणं संपलं की दुसरं. नात बराच वेळ टक लावून बघत होती. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "आज्जी, ह्या बाया बोलत का न्हाईत?"

मी तिला काय सांगणार? ह्या बाया बोलत नाहीत, कारण बोलू नका असं तुझ्या आजीनं सुवाच्य अक्षरात लिहून दिलंय?

माझ्या लहानपणच्या त्या तमाशातली बाई नाचायची, आणि नाचता नाचता सवाल टाकायची. कृष्णाला टाकायची, राजाला टाकायची, पुढं बसलेल्या पाटलाला टाकायची. तिच्याकडं बघणाऱ्याला तिचं ऐकावं लागायचं. उत्तर आलं नाही तर मान खाली घालावी लागायची. तिचं बोलणं हे तिचं अंगावरचं वस्त्र होतं, असं मला त्या रात्री वाटलं. आम्ही सभ्यपणाच्या नावाखाली तेच फेडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा खेळ असायचा. दिवसाउजेडी, ओळखी-पाळखीत, फर्माइशीनं रंगणारा. तोही कमिटीनं रद्द केला होता. फडाचा ट्रक निघायच्या तयारीत. त्यातली एक, असेल पस्तिशीची, आमच्या दारातल्या नळावर तोंड धुवायला आली. मी म्हटलं, "बाई, बरं झालं रातच्याला." ती ओल्या तोंडानं हसली. म्हणाली, "आक्का, काय बरं? माझी आई वगात राणी करायची. तास-तासभर बोलायची. तिला लोक राणीसायेब म्हनायचे. मला पंधरा गाणी येत्यात. नुस्तं नाचायचं म्हंजी लोक कंबरच बघनार की."

मी आत जाऊन तिला पाणी आणलं. ती प्याली, गेली. मग माझ्या लक्षात आलं की मी पाणी कागदी ग्लासातून दिलं होतं. फडताळात स्टीलचे डझनभर तांबे-पेले होते. हात तिकडं गेलाच नाही.

याला जुना धागा आहे. माहेरी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी फडातल्या बाया आमच्या परसातल्या आडावर पाणी मागायला यायच्या. तमाशा उभा केला तो मुख्यतः मांग, महार, कोल्हाटी समाजांनी. आजी वरून ओंजळीत पाणी ओतायची, आणि तरी नंतर तांब्या राखेनं तीनदा घासायची. आई एकदा तिच्या माघारी त्यातल्या एका लेकुरवाळीला परसात आडोशाला अंघोळीला बसवून आली, ऊन पाण्याची बादली दिली. आजीला कळलं तेव्हा घरात जे झालं ते झालं. आई एवढंच म्हणाली, "रातभर हिच्यावर हसलो, आन् सकाळी हिला पानी न्हाई?" मी त्या आईची लेक आणि माझ्या हातात कागदी ग्लास. आजीचा तांब्या निदान घासून परत वापरात यायचा.

म्हणून मला या 'फॅमिली' शब्दाचा राग येतो. कुणाची फॅमिली? विठाबाई नारायणगावकरांबद्दल सांगतात की दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. आपण हा किस्सा मोठ्या कौतुकानं सांगतो. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींचा गौरव मिळाला, तोही सांगतो. पण ओल्या बाळंतिणीला नाचू द्यायचं नाही, असं म्हणणारं एक माणूस त्या कनातीत नव्हतं, हे कुणी सांगत नाही. तीही कुणाची तरी फॅमिलीच होती. ट्रकखाली गोधडीवर निजलेली पोरं, चूल मांडायला तीन दगड शोधणारी म्हातारी, ही फॅमिली आमच्या अटींच्या कागदात कुठं होती?

लोक मला विचारतात, मग शिट्ट्या मारणाऱ्या पोरांचं काय करायचं? त्यांच्यापायीच तर बायका जात नाहीत. तर ऐका. गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या अकरा बाया कमिटीच्या बैठकीला गेल्या. मी जुना कागद सोबत नेला होता. 'महिला वर्गाच्या मागणीवरून' ही ओळ वाचून दाखवली आणि म्हटलं, "ही मागणी आमी केल्याली न्हाई. आता करतो ती लिवून घ्या." भाऊजी आता थकलेत, ते काही बोलले नाहीत. त्यांचा थोरला म्हणाला, "काकू, बतावणी ठेवली तर सोंगाड्या काय बी बोलंल." मी म्हटलं, "बोलू दे. तुला बोलला तर तू ऐक."

बरीच वादावादी झाली. एक-दोघे उठून गेले. शेवटी ठरलं : खेळ सात वाजता सुरू. सत्कार दहा मिनिटांत, सगळ्यांचा मिळून. बतावणी होणार. वग दीड तासाचा. ढोलकी हातानं वाजणार. गाणी बसतील तेवढी.

नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच तिथं जाऊन सुपारी देतात. आमची मंडळी गेली तेव्हा त्या अटी वाचून फडाचा मॅनेजर म्हणे दोनदा बघत राहिला. म्हणाला, "वग मागनारं गाव लई दिसानं आलं."

खेळ झाला. सोंगाड्या म्हाताराच होता, दम लागत होता, पण जीभ शाबूत. त्यानं पाणीपुरवठ्याच्या टाकीवरून, जी चार वर्षं उभी आहे आणि जिच्यात अजून थेंब नाही, असा काही धागा काढला की सरपंच तोंडावर रुमाल धरून हसले. आतून काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. राणी करणाऱ्या बाईनं पाऊण तास बोर्ड सोडला नाही. मध्ये एक गाणं आलं, पाठीमागून शिट्टी वाजली. पुढच्या चार रांगा बायकांच्या होत्या. आम्ही मागं वळून बघितलं. काही बोललो नाही, नुसतं बघितलं. जिला-तिला त्या घोळक्यात आपल्याच घरचं कुणीतरी दिसलं. पुन्हा शिट्टी झाली, नाही असं नाही. पण घोळका पांगला. बाई बसल्यानं तमाशा बिघडत नाही. बाई बसल्यानं बघणारा सुधारतो. म्हणून तर तिला इतकी वर्षं माळवदावर ठेवलं.

आता जे झालं नाही तेही सांगते. आमची सहावी मागणी होती की फडातल्या बायकांना आणि पोरांना रात्री निजायला, अंघोळीला शाळेच्या दोन खोल्या आणि संडास उघडून द्यावेत. ती कागदावर आली, पण खोल्यांची किल्ली काही मिळाली नाही. कुणी म्हणालं परवानगी नाही, कुणी म्हणालं शिपाई गावाला गेला. त्यांची पोरं याही वर्षी ट्रकखालीच निजली. मी माझ्या घरची न्हाणी उघडून दिली, पितळेचे तांबे बाहेर काढले. एका घरच्या न्हाणीत साठ माणसं मावत नाहीत.

पुढच्या जत्रेचा कागद मीच लिहिणार आहे. किल्लीची अट या खेपेला पहिली असेल.